ताई म्हणते आपल्या आळीत विहीर नव्हतीच

प्रश्न: नमस्कार. मी ४६ वर्षांची, राहते घोडबंदर रोडला, पण जन्म आणि लहानपण सगळं ठाण्यात, चरईतल्या एका चाळीत. चाळ कधीच पाडली, आता तिथे सात मजली बिल्डिंग आहे. दीड महिन्याने आईला ७५ वर्षं पूर्ण होतायत. तिला सरप्राइज म्हणून मी आळीच्या आठवणी लिहून छोटी पुस्तिका छापून घेणार आहे, पंधरा पानं झाली पण लिहून. माझी ताई माझ्यापेक्षा ७ वर्षांनी मोठी, ऐरोलीला असते. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर वाचायला पाठवलं तर तिचा लगेच फोन, की हे सगळं खोटं आहे. आळीच्या टोकाला पिंपळाखाली विहीर होती, आम्ही पोरं दगड टाकून आवाज येईपर्यंत अंक मोजायचो, हे मला लख्ख आठवतं. ताई म्हणते विहीर नव्हतीच. मी लिहिलं होतं, "पहाटे नळावर हंड्या-कळश्यांचा आवाज यायचा, तोच आमचा अलार्म, किती गोड दिवस होते ते." त्यावर म्हणाली, तुला काय, गोडच वाटणार, तू झोपलेली असायचीस. तेव्हापासून पंधरा दिवस बोलत नाहीये. आईला विचारलं तर सरप्राइज फुटेल. पुस्तिका छापू की नको? आणि विहिरीचं खरं कोण बोलतंय?
– धाकटी, घोडबंदर

अगं धाकटे (अगं-तुगंच करते हं, वीस वर्षांनी तरी लहान आहेस माझ्यापेक्षा),

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त विहीर दिसली. मी खारकर आळीतली, म्हणजे तशी शेजारचीच, त्यामुळे लगेच डोक्यात चरई फिरायला लागली, कुठे असेल बरं विहीर, कुठला पिंपळ. मग संध्याकाळी चहा घेताना परत वाचलं आणि दुसरंच काहीतरी दिसलं, ते सांगतेच, पण आधी विहीर उरकू, कारण तुझा जीव तिच्यात अडकलाय.

लख्ख आठवतं म्हणजे खरं, असं समजू नकोस. मला काय लख्ख आठवायचं ते ऐक. मी लहान, झालरीचा फ्रॉक घातलेला, आजीचा हात धरून गडकरी रंगायतनला बालनाट्य बघायला गेलेय. आजीच्या नऊवारीला ट्रंकेतल्या कापराचा वास. इंटरव्हलला तिने पदराची गाठ दाताने सोडून त्यातनं दहा पैसे काढले आणि मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली, पुडी कोमट होती, आणि बाहेर तलावपाळीवरनं गार वारा येत होता. हे मी बारशाला सांगितलंय, लग्नात सांगितलंय, सून घरात आल्यावर तिला पण सांगितलंय. मग एका दिवाळीत माझा धाकटा भाऊ शांतपणे करंजी खात म्हणाला, अगं पण गडकरी उघडलं १९७८ साली. मी १९५८ ची. म्हणजे तेव्हा मी वीस वर्षांची घोडी, कॉलेज संपवून टायपिंगच्या क्लासला जाणारी, आणि आजीला जाऊन नऊ वर्षं झालेली.

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याची चूक काय होती सांग मला! पण नाही बोलले.

नंतर विचार करता करता लक्षात आलं की आजी खरी, कापूर खरा, दाताने सोडलेली गाठ खरी, कोमट पुडी तर शंभर टक्के खरी. नाटक बहुतेक कुठल्यातरी गणपतीच्या मांडवात सतरंजीवर बसून बघितलेलं असणार. पण मांडव दहा दिवसांचा, तो उठला की गेला, आणि गडकरीवरनं मी पुढची चाळीस वर्षं रोज भाजी घेऊन जात-येत होते. मग आठवणीला जी इमारत हाताशी सापडली ती तिने उचलून लावली तिथे. आपण आठवण दर वेळी नव्याने सांगतो ना, तेव्हा ती दर वेळी थोडी नव्याने शिवली जाते, आणि ठिगळ कुठलं ते काही वर्षांनी आपलं आपल्यालाच ओळखू येत नाही.

आणि आपल्या ठाण्याला तर ही खोडच आहे म्हणा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली, १४ डबे होते आणि माणसं ४०० च्या आसपास, आणि आज जुन्या ठाण्यात भेटेल त्या चौथ्या माणसाचे खापरपणजोबा त्या गाडीत बसलेले असतात. माझे पण होते. हे मला कोणी सांगितलं ते आठवत नाही, पण होते.

तर तुझी विहीर. असणं अशक्य अजिबात नाही, तलावांचं गाव आपलं, जुन्या वाड्यांमधनं विहिरी होत्याच. पण एक साधी गोष्ट बघ. ताई तुझ्याआधी सात वर्षं त्या आळीत आहे. विहिरी बुजतात गं, नव्याने उगवत नाहीत. तुझ्या लहानपणी विहीर उघडी होती तर ताईच्या लहानपणी ती असणारच, आणि मोठ्या मुलीला तर आई पहिल्यांदा हेच बजावते की विहिरीकडे फिरकू नकोस, धाकटीला घेऊन तर अजिबातच नाही. म्हणून माझं पारडं थोडं ताईकडे झुकतंय. तुझं आजोळ कुठलं ते तू लिहिलं नाहीस. तिथे विहीर होती का? दगड टाकून अंक मोजणं हे मला मे महिन्याच्या सुट्टीतलं वाटतंय, चरईतलं नाही. किंवा तिथे पाण्याचा मोठा हौद असेल, चार वर्षांच्या पोराला कठड्यावरनं वाकून बघितलं की हौद पण पाताळापर्यंत जातो. मागे मी आमच्या जुन्या आळीत गेले तेव्हा ज्या ओट्यावरनं उडी मारायला मला हिंमत लागायची तो ओटा माझ्या गुडघ्याएवढा निघाला. इतका राग आला ना मला त्या ओट्याचा.

शोधायचंच असेल तर दोन ठिकाणं सांगते. नगर भूमापन कार्यालयात, म्हणजे आपण सिटी सर्व्हे म्हणतो तिथे, जुने नकाशे असतात, तुमच्या चाळीचा सिटी सर्व्हे नंबर बिल्डिंगच्या कागदांवर मिळेल, अर्ज करून नक्कल काढता येते, विहीर असली तर नकाशात सापडायची शक्यता आहे. वेळ लागेल, दोन-तीन खेपा होतील, सरकारी काम आहे. दुसरं म्हणजे मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ पासूनचं आपलं, तिथे जाऊन ठाण्यावरची जुनी पुस्तकं मागून दोन तास बस. विहीर नाही सापडली तरी पुस्तिकेला दुसरं काहीतरी सापडेल, माझं नेहमी असंच होतं, जाते एकासाठी आणि येते भलतंच घेऊन.

पण मला विचारशील तर ताई तुझ्यावर विहिरीसाठी रुसलेली नाही. विहीर नव्हती म्हणून कोणी पंधरा दिवस अबोला धरतं का?

आता ते दुसरं सांगते, चहा घेताना दिसलेलं. तुझं स्वतःचंच वाक्य परत वाच. पहाटे नळावर हंड्या-कळश्यांचा आवाज यायचा. बरं, यायचा. कोण करायचं तो आवाज? तुमची खोली वरच्या मजल्यावर असेल, नळ खाली चौकात असेल, पाणी पहाटे चारला येत असेल, वडील दमून झोपलेले नाहीतर नोकरीवर, तू तीन वर्षांची, आई एकटी. मग ताईने तुला जे उत्तर दिलं ते परत वाच. तू झोपलेली असायचीस. अगं, तो आवाज तुझी ताई करत होती.

मी थोरली आहे म्हणून सांगू शकते. चाळीतला नळ म्हणजे काय ते तुला माहीत नाही असं नाही, पण तू गादीतनं ऐकलेला नळ आणि मी धरलेला नळ यात फरक आहे. आदल्या रात्री नंबर लावायचा, बादली ठेवली तर कोणीतरी ढकलून पुढे जायचं म्हणून आमच्याकडे दगड ठेवायचे, माझा दगड चपटा होता आणि त्याच्यावर मी खडूने फुली केलेली. चारला नळ आधी नुसती हवा सोडायचा, सूंऽऽ करून, मग खोकल्यासारखं करायचा, मग लालसर पाणी, ते सोडून द्यायचं, मग धार. धार करंगळीएवढी. एक हंडा भरेपर्यंत मागच्या बायका चार वेळा विचारणार, झालं का गं. हंडा आई उचलायची, माझ्याकडे कळशी. भरलेली कळशी कमरेवर घेतली की ती बरोब्बर हाडावर बसते, परकर एका बाजूने ओला होतो आणि डिसेंबरात तो ओला भाग जिना चढेपर्यंत बर्फ झालेला असतो. जिना लाकडी, आधी चढून गेलेल्यांचं पाणी सांडलेलं. मी एकदा घसरले, कळशीचा काठ नडगीवर बसला, त्याची खूण अजून आहे, आणि घसरल्यावर मला पहिलं काय वाटलं माहितेय? लागलं म्हणून नाही रडले मी. पाणी सांडलं म्हणजे परत शेवटचा नंबर, म्हणून रडले. मग साडेसहाला वेणी घालून शाळा.

आणि आमचे बंधुराज, तेच करंजीवाले, दर दिवाळीला डोळे मिटून सांगायचे, काय ते पहाटेचं अभ्यंगस्नान, बंबातलं ते कढत पाणी, चुलीच्या धुराचा वास, आता गीझरमध्ये ती मजा नाही. पंचवीस वर्षं ऐकलं मी. एका दिवाळीला म्हटलं, बंबात पाणी कोणी भरलं रे? गप्प झाला. आता सांगत नाही, आणि खरं सांगू का, मला वाईट वाटतं की सांगत नाही, कारण त्याच्यासाठी ते खरंच तसं होतं. उबदारच होतं. उबदार राहावं म्हणूनच तर आम्ही पाणी भरत होतो.

म्हणजे तू खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाहीये. तू एका आळीत वाढलीस आणि ताई दुसऱ्या आळीत, पत्ता फक्त एक होता. हिशोब करून बघ. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाण्याची महानगरपालिका झाली, तेव्हा ताई दहा-अकरा वर्षांची, तू तीन-चारची. ताईच्या तोंडात अजून "म्युन्शिपालटीचा नळ" येत असेल बघ, तुझ्या तोंडात महापालिका. टीएमटी सुरू झाली १९८९ मध्ये, तेव्हा ताई कॉलेजात आणि तू प्राथमिक शाळेत. म्हणजे तिचं अख्खं लहानपण पायी नाहीतर एसटीच्या लाल गाडीतनं, आणि तुला मोठं होता होता शहरातली बस मिळाली. मोठेपणी माणसाला तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं सहसा काही आठवत नाही, म्हणजे घरातले जे सगळ्यात ओढाताणीचे दिवस असतील ते तू पाळण्यात काढलेस आणि तिने जिन्यावर.

आता काय करायचं. पहिलं म्हणजे सॉरी म्हणायची घाई करू नकोस. घरच्या माणसाला सॉरी म्हटलं की ते म्हणतं, जाऊ दे गं, आणि विषय तिथेच बंद. तो बंद व्हायला नकोय आपल्याला. व्हॉईस नोट पाठवू नकोस, ते रडणारे चेहरे तर मुळीच नको. फोन कर आणि एकच विचार, ताई, पाण्याला किती वाजता उठायचीस? ती म्हणेल, कशाला आता ते. तू थांब. गप्प राहणं तुला जमत नसणार (पंधरा पानं लिहिणारी बाई आहेस), तरी थांब. माझा अंदाज आहे ती वेळ सांगेल, मग नंबर कसा लावायचे ते सांगेल, मग कोण बाई भांडकुदळ होती ते, आणि मग तुझा फोन गरम होईल. कदाचित नळाच्या मागे अजून काहीतरी असेल, पाण्यापायी एखादी सहल राहिली असेल, शाळेत उशीर झाला म्हणून शिक्षा झाली असेल, मला काय माहीत. ते तिच्याकडनं येऊ दे, तू अंदाज बांधून आधीच वाक्यं तयार करू नकोस.

मग तिला बोलव ठाण्याला. ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोलीहून मधे एक दिघा, की ठाणं. पण संध्याकाळी नको. संध्याकाळी तलावपाळीला गर्दी, भेळवाले, बोटीतली पोरं, तिथे सगळं लहानपण गोडच दिसतं. सकाळी सहाला ये म्हणावं. स्टेशनवरनं चालत जांभळी नाक्याकडे या, भाजीचे टेम्पो रिकामे होत असतात, हमाल वाट काढत पळत असतात, ओल्या कोथिंबिरीचा वास असतो, तिथनं कौपिनेश्वराच्या बाहेरनं हात जोडून चरईत शिरा. आळीत तिला पुढे चालू दे. तू मागे राहा. नळ कुठे होता ते ती दाखवेल, आता तिथे कोणाची तरी स्कूटर लावलेली असेल. पिंपळ असला तर झाडाखाली उभं राहून विहिरीचं भांडण पण तिथेच करून घ्या, जागेवर भांडलेलं बरं असतं. मग मामलेदारची मिसळ खा. तिखट मागवा, डोळ्यातनं पाणी आलं तर मिसळीवर ढकलता येतं.

आईच्या सरप्राइजचं म्हणशील तर सोडून दे ते. पंचाहत्तरीच्या बाईला सरप्राइजचं कौतुक नसतं गं, ते आपलं खूळ आहे. तिला कोणी बसून विचारावं याचं कौतुक असतं. जी एक व्यक्ती आळीबद्दल सगळं सांगू शकते तिच्यापासूनच तू लपवून लिहितेयस, हे कसलं संशोधन! विहिरीचं उत्तर पण तिच्याकडे आहे, अर्ध्या मिनिटात मिळेल.

हां, पण इथे एक अवघड जागा आहे. ताईला पहाटे हलवून कोणी उठवलं? आईनेच. ताईचं पान आईच्या हातात पडलं आणि तिला ते लागलं तर? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. माझी आई गेली त्याच्या वर्षभर आधी मला म्हणाली होती, तुला उठवायच्या आधी मी पाच मिनिटं नुसती बसून राहायचे. बस, एवढंच म्हणाली. मला वाटतं तुमच्या आईकडे पण अशी पाच मिनिटं असतील आणि कोणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नसेल. पण तिला सांगायचं का, किती सांगायचं, छापायचं की नुसतं घरात बोलायचं, हे ताईने ठरवायचं, तू नाही. तिने नको म्हटलं तर नको, त्यावर वाद घालू नकोस.

पुस्तिका छापच. मात्र ते "किती गोड दिवस होते ते" काढून टाक, ते काढलंस की तुझं वाक्य चांगलं आहे, हंड्या-कळश्यांच्या आवाजावर थांब. त्याच्यासमोरचं पान ताईला दे. लिहायचा कंटाळा असेल तर ती बोलेल ते टाइप कर, तिच्याच शब्दांत, शिव्या दिल्या तर शिव्या, शुद्धलेखन सुधारत बसू नकोस. विहीर पण ठेव, आणि खाली लिही, ताई म्हणते नव्हती. ज्या शेजाऱ्यांची नावं घातलीस त्यांना विचार, नाहीतर नुसतं "कोपऱ्यातल्या काकू" कर, चाळीतल्या माणसाला कळतंच कोण ते. अक्षर मोठं ठेव, आईला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. पन्नास प्रती काढू नकोस, उरतात आणि मग माळ्यावर जातात, वीस पुरे.

आणि विहिरीचं काय ठरलं ते मला नक्की कळव, लवकर कळव. कारण चार दिवस झाले ती माझ्या डोक्यात येऊन बसलीये, पिंपळासकट, आणि मला माझी भीती वाटते, अजून दहा वर्षांनी मीच कोणाच्यातरी बारशाला सांगत असेन की चरईत एक विहीर होती, आम्ही दगड टाकून अंक मोजायचो.